कोरा नमुना

कोरा नमुना कोरा आला नाही. पडद्यावरची रेघ जिथे आडवी, शांत जायला हवी होती तिथे आधी एक बुटका उंचवटा होता, त्याला खेटून एक उंच अरुंद शिखर, आणि थोडं पुढे, घरी काहीतरी विसरलेलं माणूस मागून धावत यावं तसं एक पिटुकलं तिसरं. मशीनवालीनं माऊस टेबलावर आपटला आणि खुर्चीसकट मागे सरकली. "संपलं. आता साहेब मला सोलणार," ती म्हणाली. मशीनवालीच्या पाठीमागे, हातात घरून धुऊन आणलेल्या सुती फडक्यांची चळत घेऊन, नमुन्यांच्या बाटल्या सांभाळणारी ती उभी होती. तिनं त्या तीन आकृत्यांकडे पाहिलं आणि तिला त्या ओळखता आल्या. गर्दीच्या रस्त्यावर पुढे चाललेल्या कुणाची तरी पाठ दिसावी, चेहरा दिसण्याआधीच आपण ओळखावं, आणि हाक मारायची की गल्लीत वळायचं हे पायांनी आपल्याला न विचारता ठरवावं, तसं. ती वळली. फडकी कपाटात नीट रचून ठेवली आणि हात धुतले.

प्रयोगशाळेत शहराचं पिण्याचं पाणी यायचं. नळाचं, विहिरीचं, कारखान्यांच्या कडेच्या वस्त्यांमधलं. त्यात शोधायची ती एकाच घराण्यातली रसायनं: अन्न न चिकटणाऱ्या तव्यातली, पाऊस झटकून टाकणाऱ्या कोटातली, डाग न धरणाऱ्या गालिच्यातली, ओट्याचा दगड तेल पिऊ नये म्हणून त्याच्यावर चढवायच्या लेपातली. पाणी त्यांना तोडत नाही, तेल तोडत नाही, ऊन तोडत नाही, शरीरही तोडत नाही. पाण्याच्या प्रत्येक खेपेबरोबर एक बाटली अशी जायची की जिच्यात शोधण्यासारखं काहीच नसायचं. अतिशुद्ध पाणी, पण तेच हात, तीच भांडी, तीच फडकी. हा कोरा नमुना. त्याच्यात काही सापडलं तर ते शहराचं नव्हे, आपलं. मग सगळ्या खेपेचे आकडे मोरीत ओतायचे. म्हणून इथे कामाला येताना क्रीम नाही, लिपस्टिक नाही, पावसाळी कोट नाही, नवे कपडे नाहीत. अनेकदा धुऊन विरलेलं सुती तेवढं चालेल. साहेब आले, पडद्याकडे पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "क्रीम कोण लावतंय?" सगळ्यांनी मशीनवालीकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघता? हल्ली अंगाचा साबणसुद्धा मी साहेबांची परवानगी काढून आणते," ती म्हणाली, पण म्हणताना तिनं हात एप्रनच्या खिशात घातले. साहेबांना तेवढं पुरलं. "या बाईंकडे बघा जरा," ते म्हणाले. "कितीतरी वर्षं आहेत इथे. एक दिवस काही लावून आल्या असतील तर शपथ. आपला चालता-बोलता कोरा नमुना आहे हा." सगळे हसले. तीही हसली. तिचं हसणं चेहऱ्यावर यायला थोडा उशीर झाला, पण ते कुणी मोजत नव्हतं.

फडकी ती स्वतःच धुवायची. कुणी सांगितलं नव्हतं. धोब्याकडे दिली की तो मऊपणासाठी काहीतरी घालतो, त्यावर तिचा भरवसा नव्हता, म्हणून ती घरी न्यायची, साध्या साबणानं धुवायची, पुन्हा नुसत्या पाण्यातून काढायची, सावलीत वाळवायची आणि ताईनं शिवलेल्या पिशवीत घालून परत आणायची. पिशवी दाराशेजारच्या खुंटीला अडकलेली असायची. राखाडी, तिच्यावर बारीक निळी चौकट, आतून सुती अस्तर, तळाशी नुकतंच फाटून बाहेरचं कापड दिसायला लागलेलं, बाजूला छत्रीसाठी लांबट कप्पा. आता तिनं ती खुंटीवरून काढली आणि बाहेर, स्वच्छतागृहाच्या बेसिनपाशी नेली. नळाखाली बोट धरून एक थेंब पिशवीवर सोडला. थेंब बसला नाही. उभा राहिला. गोल, घट्ट, खाली स्वतःची सावली धरून. तिनं पिशवी जरा कलती केली तसा तो निळ्या चौकटीवरून घरंगळत गेला आणि त्याच्या वाटेवर ओल म्हणून राहिली नाही. हा कापडाचा गुण तिला रोज दिसत होता. पावसात ती पिशवी डोक्यावर धरून बसथांब्यापासून दारापर्यंत पळायची आणि दारात एकदा झटकली की पिशवी कोरडी व्हायची. आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, तसं तिला ते दिसूनही दिसलं नव्हतं. किंवा, ती नळ बंद करत स्वतःला म्हणाली, नीट बोल. दिसलं नव्हतं असं नाही. पिशवी ताईची होती, आणि ताईच्या वस्तूंपाशी विचार थांबवायची तिला सवय झाली होती.

पिशवी तिनं खाली कोट ठेवायच्या खोलीत कपाटाच्या तळाशी टाकली. फडकी नवी काढली, भांडी पुन्हा विसळली, कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं, कुणी विचारलं नाही. पुढच्या खेपेला रेघ सपाट आली. साहेब खूष झाले. "बघा, क्रीम बंद केल्याचा फरक," ते मशीनवालीला म्हणाले. "माझ्या हातांना भेगा पडल्यात साहेब," मशीनवाली म्हणाली, "पण शहराचं पाणी स्वच्छ झालं. माझा पुतळा उभारा फाटकाशी. क्रीमची डबी हातात द्या त्याच्या." तिनं मशीनवालीच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर खरंच पांढऱ्या रेघा होत्या. तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं: ते तुझं नव्हतं, माझ्या पिशवीचं होतं. साधं वाक्य, कर्ता, कर्म, क्रियापद. पण त्या वाक्याच्या मागे दुसरं उभं होतं, आणि त्याच्या मागे तिसरं, आणि रांगेच्या टोकाला एक मूल बसलेलं होतं. तिनं सपाट रेघेकडे पाहिलं आणि तिला हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाची शिसारी आली. मग तीही ओसरली आणि जेवायची सुट्टी झाली.

कारण त्या कापडाची नुसती पिशवीच झाली नव्हती. ताई काही फुकट घालवणाऱ्यांतली नव्हे. सोफ्याच्या कापडातून उरलेल्या तुकड्याची आधी धाकट्या बहिणीला पिशवी झाली, मग शिवणयंत्राचं झाकण झालं, मग मधली कितीतरी वर्षं तुकडा कपाटात घडी होऊन पडला, आणि आता, मुलीला मूल झाल्यावर, त्याची लाळेरी झाली. गळ्याशी बांधायच्या नाड्या, कडेला पांढरी पट्टी, मध्ये एक बदक. ताईनं फोनवर किती उत्साहानं सांगितलं होतं, "अगं, दुधाची चूळ टाकली तरी नुसतं झटकायचं! तुझ्या औषधाची कमाल." त्या दिवशी फोन ठेवून तिनं काय केलं होतं ते तिला आठवत होतं. गॅसवरचं दूध बघितलं होतं. ते उतू गेलं नव्हतं, तरी बंद केलं होतं.

औषध. घरात सगळे त्याला औषधच म्हणायचे. या प्रयोगशाळेच्या आधी ती कापडावर चढवायची द्रावणं बनवणाऱ्या कंपनीत होती. मोठ्या खिडक्यांची खोली, लांब टेबल, टेबलावर ताणून बसवलेले कापडाचे तुकडे, आणि तिच्या हातात काचेची बारीक नळी. काम एकच: थेंब सोडायचा आणि बघत राहायचं. पाण्याचा थेंब, मग पाण्यात थोडं मद्यार्क मिसळून त्याचा, मग तेलाचा. जितका वेळ थेंब उभा तितकं द्रावण चांगलं. लांब साखळीच्या रेणूंचं एक, त्याहूनही लांब साखळीचं एक, अशा दोघांचं मिश्रण तिनं स्वतः जुळवलं होतं, आणि तेलाचा थेंबसुद्धा कापडावर मोत्यासारखा उभा राहिला तेव्हा खोलीतले सगळे टेबलाभोवती जमले होते. पडद्यावरचं ते तिसरं पिटुकलं शिखर म्हणजे ती अधिक लांब साखळी. तिचीच. बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवायचं असलं की तिला बोलवायचे. ती पांढऱ्याशुभ्र कापडावर काळा रस ओतायची, कापड झटकायची आणि पुन्हा पांढरंशुभ्र समोर धरायची. "हे तुटत नाही," ती सांगायची. "धुतलं तरी नाही, घासलं तरी नाही." पाहुणे मान डोलवायचे. तुटत नाही हे तेव्हा कौतुकाचं वाक्य होतं. तेच वाक्य पुढे दुसऱ्या आवाजात म्हणता येतं आणि शब्द तेच राहतात, हे तिला त्या खोलीत कुणी सांगितलं नसतं, आणि सांगितलं असतं तरी तिनं नळीवरून नजर काढली नसती.

ताईनं नवं घर घेतलं तेव्हा सगळ्यांनी काही ना काही दिलं. भावजींच्या भावानं दिवे दिले, कुणी पडदे दिले. तिनं औषधाचा डबा दिला. डब्यावर कंपनीची चिठ्ठी नव्हती, तिच्या हातची होती. आणि दोन दिवस रजा काढून ती स्वतः तोंडाला फडकं बांधून त्या घरभर फिरली होती. गालिच्यावर फवारलं, ओट्याच्या दगडावर चोळलं, मुलीच्या खोलीच्या भिंतीला द्यायच्या रंगात मिसळलं, म्हणजे रेघोट्या ओढल्या तरी पुसता याव्यात. बाहेर समोरच्या इमारतीचं काम चालू होतं, धूळ उडत होती, ओल्या गालिच्यावर ती बसू नये म्हणून तिनं सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या. गोडसर, कोंदट वास घरभर पसरला होता. "दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय," भावजी म्हणाले, "फक्त पेशंट कोण ते कळत नाहीये." संध्याकाळी ताईची चिमणी, तेव्हा नुकती नीट बोलायला लागलेली, अनवाणी गालिच्यावर आली. तिला हसवायला तिनं पेल्यातलं पाणी बोटानं गालिच्यावर शिंपडलं, आणि थेंब उभे राहिले. पोरीनं श्वास रोखला. मग एका थेंबाला बोट लावलं, तो पळाला, ती त्याच्यामागे रांगत गेली, पोटावर पडली, गाल गालिच्याला टेकवून त्या पातळीवरून थेंबांकडे बघत राहिली. त्या दिवसापासून ती थेंबमावशी झाली. प्रत्येक भेटीत दारातच फर्माईश व्हायची: मावशी, थेंब. त्या पोरीचा गाल त्या गालिच्यावर किती वेळा टेकला असेल याचा हिशोब तिनं पुढे अनेकदा मनात मांडला, पण तो पुढे जायचा नाही. मापनाचं एकक कुठलं घ्यायचं इथेच अडायचा.

पहिला डबा अजाणतेपणी दिला होता. ही सूट ती स्वतःला देऊ शकत होती आणि देतही आली होती. पण नंतर कंपनीत एक बैठक झाली. कामगारांचं रक्त तपासलं होतं, आणि डॉक्टर बोलत होता. तो घाबरवणारा माणूस नव्हता, उलट झोप आणणारा होता. त्यानं सांगितलं, हे रक्तात सापडतं, टिकतं, वर्षानुवर्षं टिकतं, जनावरांच्या यकृतावर, वाढीवर परिणाम दिसलेत, माणसांचं पाहावं लागेल. मग असंही सांगितलं की तुलनेसाठी ज्याच्यात हे अजिबात नाही असं रक्त हवं होतं, आणि ते मिळेना. कामगारांचं नाही, कारकुनांचं नाही, रक्तपेढीतलंही नाही. शेवटी कुठेतरी फार जुनं, हे रसायन बाजारात येण्याआधीच्या माणसांचं गोठवून ठेवलेलं रक्त शोधावं लागलं. "म्हणजे सगळ्यांच्यातच आहे," संचालक म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. खोलीभर सुटकेचा नि:श्वास पसरला. सगळ्यांच्यात आहे म्हणजे कुणामुळेच नाही. तीही मागे टेकली होती. तिला त्या खुर्चीची पाठ अजून आठवत होती, तिथे एक खिळा जरासा वर आला होता.

आणि त्याच हिवाळ्यात ताईचा फोन आला. सोफ्याला नवं कापड घातलंय, राखाडी, निळी चौकट, भावजी त्याच्यावर चहा सांडणार हे ठरलेलंच आहे, तर तुझं औषध आण. ताई फोनवर बोलता बोलता काहीतरी चिरत होती, सुरीचा आवाज येत होता. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. कारण सांगायला पहिला डबा उघडावा लागला असता. "आणते," ती म्हणाली. सुरीचा आवाज चालू राहिला. दुसरा डबा घेऊन ती गेली, आणि फवारण्याआधी तिनं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बाहेर कडाक्याची थंडी होती. ताई शालीत गुरफटून ओरडत होती, "अगं ए शास्त्रज्ञीणबाई, डागांपासून वाचवतेस आणि थंडीत मारतेस का?" तिनं खिडक्या तशाच उघड्या ठेवल्या होत्या. ती कापडावर एकसारखा हात फिरवत होती, उरलेला तुकडासुद्धा तिनं सोडला नव्हता, आणि उघड्या खिडक्यांतून येणारा वारा तिच्या मानेवर काहीतरी लिहीत होता. नंतर तिनं नोकरी बदलली. वेळा बऱ्या होत्या, घर जवळ होतं. विष शोधायच्या बाजूला गेल्यावर बनवायच्या बाजूचं फिटतं असं तिनं कधी शब्दांत म्हटलं नाही. शब्दांत म्हटलं असतं तर त्यातली चूक तिच्याच लक्षात आली असती.

रविवारी ती ताईकडे निघाली तेव्हा हातात कागदी पुडकं होतं. दुकानातून घेतलेली सुती लाळेरी, साधी, पांढरी, बदक नसलेली. घरी ती तिनं पुन्हा पुन्हा धुतली होती. बसमध्ये शेजारच्या बाईच्या कोटावर पावसाचे थेंब उभे होते आणि प्रत्येक वळणावर एका बाजूला सरकत होते. तिनं मनाशी तयारी केली होती. लाळेरी बदलायची, एवढंच. जुनी झालीत म्हणायचं. गालिच्याला वास येतो म्हणायचं, कसर लागलीय म्हणायचं, नवा मी देते म्हणायचं. सोफ्याचं नंतर बघू. एकेक वस्तू, कुणाला न कळता, घरातून बाहेर. कोरं करत जायचं. हे शक्य नाही हे तिला ठाऊक होतं. भिंतीत होतं ते, ओट्यात होतं, धुळीत होतं. आणि सगळ्यात जास्त जिथे होतं तिथून ते काढायची एकच वाट होती, ती तिनं वाचली होती आणि वाचल्यावर खुर्चीतून उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली होती: आईच्या अंगातला साठा पहिलं मूल कमी करतं. दुधातून.

दार चिमणीनं उघडलं. कडेवर पिल्लू होतं, गळ्यात राखाडी लाळेरं, आणि लाळेऱ्याचं एक टोक तोंडात. हिरड्या शिवशिवत असाव्यात, ते टोक मन लावून चघळत होतं. "या थेंबमावशी, या," चिमणी म्हणाली. "आता तुमच्याकडे लक्ष द्यायला आम्हाला वेळ नाही, आम्हाला दात येतायत." भावजी सोफ्यावर वर्तमानपत्राखाली झोपले होते. वर्तमानपत्र श्वासाबरोबर वरखाली होत होतं. ताई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, धाकट्या बहिणीला नखशिखान्त पाहिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पिशवी कुठाय तुझी?"

"प्रयोगशाळेत राहिली."

"राहिली की हरवली? खरं सांग. आणि हे काय कागदाचं?" ताईनं पुडकं उघडलं आणि एक पांढरं लाळेरं दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं. "दुकानातली? ही क्षणात चिंब होतात गं. मग गळा ओला, मग खोकला, मग रात्रभर जागरण. माझी बघ. वरून पुसलं की झालं."

"मऊ आहेत ही, ताई. ती जुनी झाली आता. त्या कापडाला किती वर्षं झाली."

"म्हणजे माझ्या हातचं नको झालं म्हण सरळ."

"तसं नाही."

"मग कसं?" ताई हसत होती, पण डोळ्यांत जरा लागल्यासारखं दिसलं. वर्तमानपत्राखालून भावजी म्हणाले, "वाद घालू नका. मला शिवा काहीतरी. माझ्याच अंगावर जास्त सांडतं." ताईनं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. "थांब, तुकडा आहे अजून. पिशवीच शिवते तुला दुसरी. मेली काही सांभाळता येत नाही हिला," असं म्हणत ती आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार करकरलं. भावजी उठले, चहा ठेवतो म्हणाले, स्वयंपाकघरात गेले.

चिमणीनं पिल्लाला गालिच्यावर बसवलं, स्वतः शेजारी मांडी घातली आणि टिपॉयवरच्या पेल्यात बोट बुडवलं. "बघ हं पिल्लू, मावशीआजीची जादू." थेंब गालिच्यावर पडला आणि उभा राहिला. इतक्या वर्षांनी. रंग विटला होता, मधला भाग पायांनी चपटा झाला होता, कडेचे धागे सुटले होते, आणि थेंब तसाच, त्याच्यात समोरची खिडकी, खिडकीत पांढरं आभाळ. पिल्लानं लाळेरं तोंडातून सोडलं आणि श्वास रोखला. अगदी तसाच. मग हात उगारून थेंबावर आपटला, थेंबाचे पुष्कळ थेंब झाले, आणि तो हात तोंडात गेला.

"चिमणे," ती म्हणाली, "ती लाळेरी वापरू नकोस."

आवाज नीट आला होता. प्रयोगशाळेत एखादी बाटली नाकारताना यायचा तसा. चिमणीनं वर पाहिलं. "का गं?"

"त्या कापडाला मी जे लावलंय ते पोटात जातं. गेलं की फार वर्षं निघत नाही. अपाय होऊ शकतो."

"केवढा?"

"ते सांगता येत नाही. खूप जणांना काहीच होत नाही. पण लहान मुलाच्या तोंडात ते जायला नको. इतकं नक्की."

चिमणीनं पिल्लाचा हात तोंडातून काढला आणि धरून ठेवला. ती गालिच्याकडे बघत होती. "आणि हा?"

"हाही."

"सोफा?"

"सोफाही."

"मी तर या गालिच्यावर लोळत मोठी झाले मावशी." तिनं ते तक्रारीसारखं म्हटलं नाही, आठवण सांगावी तसं म्हटलं. मग तिचा मोकळा हात हळूच स्वतःच्या छातीशी गेला. प्रश्न तिनं विचारला नाही.

"हो," ती म्हणाली. "त्यातही थोडं असतं. पण पाजणं थांबवू नकोस. दुधातून त्याला जे मिळतंय ते ह्याच्यापेक्षा मोठं आहे. तुला बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये, तसंच आहे ते."

आत ताईनं काहीतरी पाडलं आणि स्वतःलाच रागावली. स्वयंपाकघरात चहा उकळायला लागला होता. "तुला कधी कळलं हे?" चिमणीनं विचारलं. याला तिच्याजवळ उत्तर होतं. हळूहळू कळत गेलं. शास्त्राला एकदम काही कळत नाही, पुरावे जमत जातात, तेव्हा कुणालाच पक्कं माहीत नव्हतं. यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, तिनं ती वाक्यं तपासून ठेवली होती. ती पहिलं वाक्य बोलणार इतक्यात चिमणीच म्हणाली, "एक मिनिट. सोफ्याच्या वेळी तू खिडक्या उघडल्या होत्यास. मी शाळेतून आले तेव्हा घर बर्फासारखं झालं होतं, मी स्वेटरसुद्धा काढला नव्हता. आणि गालिच्याच्या वेळी बंद होत्या. आई नेहमी सांगते ना, धूळ बसू नये म्हणून मावशीनं सगळं घर बंद करून घेतलं, बाबांना मळमळलं." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणित सुटताना असतो तो निर्विकार, किंचित पुढे झुकलेला चेहरा होता. "म्हणजे सोफ्याच्या वेळी तुला माहीत होतं."

"हो."

पिल्लाला हात सोडवून घ्यायचा होता. ते कुरकुरलं, मग रडायला लागलं, नाक, डोळे, लाळ सगळं एकदम वाहू लागलं. चिमणीनं सवयीनं लाळेऱ्याचं टोक उचलून त्याचं तोंड पुसलं. ओल नुसती इकडची तिकडे झाली. तिनं पुन्हा पुसलं. लाळेरं काही टिपून घेत नव्हतं, गालावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून गळ्यात पाणी ढकलत होतं, आणि चिमणी तरी पुसतच होती. तिनं चिमणीशेजारी वाकून आपल्या बाहीनं पिल्लाचा चेहरा टिपला. विरलेलं सुती कापड लगेच भिजलं, मनगटाला गार लागलं. चिमणीनं तिचा हात दूर केला नाही. लाळेऱ्याच्या नाड्या सोडल्या, ते मुठीत चुरगाळलं आणि सोफ्याच्या उशीमागे खोचलं.

"आईला सांगू नकोस," चिमणी हळू आवाजात म्हणाली. "एकेक टाका हातानं घातलाय तिनं. बदकसुद्धा. ती झोपणार नाही मग. मी काहीतरी सांगून ही काढून टाकते. गालिचाही. मला सांगितलंस ना तू, झालं तेवढं. माझ्याशी बोलू नकोस आज, पण आईला सांगू नकोस."

आणि तिला हलकं वाटलं. ते अंगात कुठून सुरू झालं तेही कळलं, मानेच्या मागून, खांद्यांतून खाली. पडद्यावरची रेघ सपाट व्हावी तसं. साहेबांनी मशीनवालीच्या क्रीमवर बोट ठेवलं तेव्हा वाटलं होतं अगदी तेच, संचालक खुर्चीत मागे टेकले तेव्हाही तेच. तिला या सुखाची चव ओळखीची होती. आता ताई बदकं शिवत राहील, दुसऱ्या कुणाच्या बाळाला देईल, शेजारी देईल, आपल्या हातच्या कामाचं कौतुक सांगेल, ही पोर सगळ्यांसमोर काहीतरी कारण रचून गालिचा गुंडाळेल आणि ते कारण वर्षानुवर्षं निभावत राहील, आणि मधोमध कुणीतरी एकजण विरलेल्या सुती कपड्यांत उभी राहील, जिच्याकडे कुणी बघणार नाही. उद्या मशीनवालीचे हात दिसतील. परवा दिसतील.

ताई बाहेर आली. एका हातात टेप, तोंडात दोन टाचण्या, दुसऱ्या हातावर राखाडी कापडाची घडी, निळी चौकट वर. टाचण्या ओठांत तशाच ठेवून ती म्हणाली, "पिशवी होऊन अजून दोन लाळेरी निघतील बघ यात. धर जरा हे टोक." चिमणीनं मान वर केली नाही. ती पिल्लाच्या पाठीवरून हात फिरवत होती, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

तिनं टोक धरलं. मग पुढे होऊन घडीच ताईच्या हातावरून उचलून घेतली. कापड थंड होतं, तिच्या ओल्या बाहीचं पाणी त्याच्यावर लागलं आणि बारीक थेंबांनी उभं राहिलं.

"अगं, काय करतेस? मापं घ्यायचीत मला."

"त्या टाचण्या काढ आधी तोंडातून," ती म्हणाली, "आणि बस जरा, ताई. भावजींनाही बोलाव."